दक्षिण कोरियातली मुलं रात्री दहापर्यंत क्लासला का असतात?

अभ्यास हे अर्धंच कारण. पहिली-दुसरीची शाळा जेवण देऊन दुपारी एक-दीडच्या सुमारास सुटते. आईवडील दोघंही नोकरीला असतील तर संध्याकाळपर्यंत मुलाला ठेवायचं कुठे? म्हणून हागवॉन, म्हणजे खासगी क्लास, एकाला एक जोडून लावतात: तायक्वांदो, मग पियानो, मग इंग्रजी. पिवळी व्हॅन शाळेच्या फाटकापाशी मुलाला घेते आणि थेट क्लासच्या दारात सोडते. छोट्यांमध्ये तायक्वांदो एवढं चालतं ते बरंचसं या व्हॅनमुळेच! २०२४ पासून शाळेतच थांबायची सोय (नुलबोम) वाढवली आहे, तरी हागवॉन सुटलेले नाहीत.

माध्यमिक शाळेपासून मात्र खरा अभ्यास, मुख्यतः गणित आणि इंग्रजी. डोळा नोव्हेंबरातल्या सुनुंग या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेवर. दोन क्लासच्या मधे वेळ कमी, त्यामुळे रात्रीचं जेवण पुष्कळदा कोपऱ्यावरच्या दुकानातला त्रिकोणी किम्बाप (समुद्री शेवाळाच्या पापडात गुंडाळलेला भात) नाहीतर कप रामेन.

दहाची वेळ राजधानी सोलच्या स्थानिक नियमाने ठरलेली आहे. काही प्रांतांत दहावी ते बारावीच्या वयाच्या मुलांना त्याहून उशिरापर्यंत मुभा असते. सोलमधल्या, हागवॉनसाठी प्रसिद्ध देची-दोंग भागात दहा वाजता न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. नियमाने क्लास बंद होतो, अभ्यास नाही: बरीच मुलं तिथून स्टडी कॅफेत (पैसे देऊन बसायची अभ्यासिका) जाऊन बसतात.