विशेष शिक्षक व्हायचंय? आधी मान्यता बघा, मग फी भरा

वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की दिव्यांग मुलांच्या शिक्षकांसाठी लागणाऱ्या पदविका, पदवी आणि नोंदणीबद्दल पत्रं यायला लागतात. या अंकात विदर्भाच्या तालुक्यांतून आलेले काही प्रश्न घेतले आहेत.

मी बारावी कला शाखेत 54 टक्के घेऊन पास झाले. आमच्या तालुक्याच्या गावी ‘स्पेशल डी.एड.’चं ऑफिस उघडलं आहे. वर्गात बसायची गरज नाही, परीक्षेपुरतं या, वर्षभरात प्रमाणपत्र मिळेल, असं तिथले सर सांगतात. धानाचे पैसे आले की बाबा फी भरणार आहेत. भरावी का?
— एक वाचक भगिनी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

ताई, नाही. बाबांना आजच सांगा, एक रुपयाही देऊ नका.

विशेष शिक्षणातली डी.एड. पदविका 2 वर्षांची असते. त्यासाठी बारावीला 50 टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत), म्हणजे तुम्ही पात्र आहात. पण हा अभ्यासक्रम हजेरीचा आहे. त्यात मुलांसोबत प्रत्यक्ष काम करावं लागतं, पाठ घ्यावे लागतात आणि एकेका मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहावा लागतो. घरी बसून एका वर्षात मिळणाऱ्या कागदावर ‘विशेष शिक्षण’ लिहिलेलं असलं, तरी तो कागद नोकरीच्या कामाचा नाही.

या क्षेत्राची मान्यता नवी दिल्लीची भारतीय पुनर्वास परिषद देते. सगळे तिला आरसीआय म्हणतात. 1992 च्या कायद्याने ती स्थापन झाली. शिक्षण पूर्ण झालं की परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. त्या नोंदणी क्रमांकाला बोलीत ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. हा नंबर नसेल तर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. कायद्याच्या कलम 13 नुसार तो गुन्हा ठरतो आणि त्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती पुढच्या गोष्टीत. ‘आमची संस्था आरसीआय मान्यताप्राप्त आहे’ एवढं ऐकून समाधान मानू नका. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक दिव्यांगत्वाच्या गटासाठी, ठरावीक जागांपुरती आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी मिळते. एखाद्या संस्थेला कर्णबधिरांच्या डी.एड.ची मान्यता असते आणि ती बौद्धिक दिव्यांगत्वाच्या डी.एड.साठीही प्रवेश देऊन बसते. कुठे मान्यतेची मुदत संपलेली असते आणि नूतनीकरण ‘होऊन जाईल’ या भरवशावर नवी तुकडी भरली जाते. दोन वर्षं शिकून मुलगी नोंदणीला जाते तेव्हा अर्ज परत येतो. त्यात तिचा काही दोष नसतो, पण तिची दोन वर्षं वाया जातात.

म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. महाराष्ट्र निवडा, संस्थेचं नाव शोधा आणि चार गोष्टी वहीत उतरवा: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, दिव्यांगत्वाचा गट, मंजूर जागा, मान्यता कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. तुमची तुकडी त्या मुदतीत बसली पाहिजे. मग संस्थेत जाऊन मान्यतेच्या पत्राची प्रत मागा आणि वहीतल्या नोंदीशी ताडून बघा. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठून या. परीक्षा कोण घेतं हेही विचारा. पदविकेची परीक्षा राष्ट्रीय पुनर्वास परीक्षा मंडळ घेतं, बी.एड.ची विद्यापीठ घेतं. संस्थाच परीक्षा घेऊन संस्थाच प्रमाणपत्र देणार असेल, तर ती पदविका नव्हे. फीची पावती संस्थेच्या नावाची घ्या. कोणाच्याही खासगी खात्यावर पैसे टाकू नका.

चौकशीसाठी नागपूरला दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, सीआरसी म्हणतात. एक दिवस काढून तिथे जाऊन या.

मी बी.ए. झालो आहे. डी.एड. करू की बी.एड.? आणि गट कोणता घेऊ?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं डी.एड., सहावीपासून पुढे आणि माध्यमिकला शिकवायचं असेल तर पदवीला 50 टक्के आणि विशेष शिक्षणातलं बी.एड., हा ढोबळ हिशेब. साधं बी.एड. आधीच झालेल्यांना विशेष शिक्षणाची मान्यताप्राप्त पदविका जोडून काही पदांसाठी पात्र ठरता येतं, पण कोणती जोडणी चालेल हे पदानुसार बदलतं. जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. मुक्त विद्यापीठातून बी.एड. करायचं असेल तर त्या अभ्यासक्रमालाही आरसीआयची मान्यता आहे का, हे वर सांगितलं तसंच तपासा.

गट निवडताना ‘नोकरी कशात लवकर लागते’ एवढंच विचारू नका, कारण नोंदणीवर तो गट लिहिला जातो आणि शाळेतली पदंही गटानुसार असतात. कर्णबधिरांच्या शाळेत बौद्धिक दिव्यांगत्वाची पदविका चालत नाही. प्रत्येक गटाचं रोजचं कामही वेगळं आहे.

दृष्टिदोषाच्या गटात ब्रेल लिहिता-वाचता आलंच पाहिजे. पाटीवर कागद अडकवून टोच्याने ठिपके पाडायचे. ठिपके मागच्या बाजूला उमटतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. मग कागद पालटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा ठिपक्यांच्या घरात 1-2-3 ही उभी रांग वाचताना डावीकडे असते, लिहिताना उजवीकडे. नवशिक्यांची गल्लत हटकून इथेच होते. रोज अर्धा तास हात बसवला तरच हे जमतं, आणि जो ते टाळतो त्याच्या हाताखालच्या मुलाचं ब्रेलही कच्चंच राहतं.

कर्णबधिर गटात श्रवणयंत्राची देखभाल, वाचाविकास आणि सांकेतिक भाषा येते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या गटात एकेका कृतीचे तुकडे पाडून शिकवायचं असतं. ‘हात धुणे’ हे एक काम नाही: नळ किंवा गडू, ओले हात, साबण, तळवे चोळणं, बोटांच्या बेचक्या, पाणी, पुसणं. मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतं ते टिपून तेवढीच पायरी शिकवायची. घाई करणाऱ्याने हा गट घेऊ नये.

आमचं मत विचाराल तर प्रवेशाआधी आठवडाभर जवळच्या विशेष शाळेत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, नुसते बसून या. निर्णय तिथेच होतो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, डी.एड. साधं आहे. तिसरीतला एक मुलगा काहीच बोलत नाही, वाचत नाही. त्याला शिकवायला मला वेगळं प्रमाणपत्र लागेल का?
— एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

बाई, नाही लागत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 नुसार 6 ते 18 वयाच्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तो तुमच्या वर्गात आहे म्हणजे तो तुमचाच विद्यार्थी आहे. नोंदणी लागते ती विशेष शिक्षक म्हणून काम करणाऱ्याला.

पण त्याला ‘मतिमंद’ ठरवायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, कान. कान वाहत असेल तर ऐकू कमी येतं, आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असं वाटतं. त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. वळला नाही तर आधी ग्रामीण रुग्णालयात कान दाखवा. दुसरी, भाषा. घरी कोरकू बोलणारं मूल मराठी प्रश्नाला गप्प बसतं, आणि मराठीतल्या चाचणीत त्याची बुद्धी कमी निघते. तोच प्रश्न गावातल्या कोणाकडून कोरकूत विचारून बघा.

त्यानंतरही शंका राहिली तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा आणि पत्राची पोच घ्या. तपासणीनंतर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळतं. कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेलही आहे. विदर्भात या आजाराची मुलं कितीतरी आहेत. वारंवार दुखण्याने शाळा बुडवणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी ते लक्षात असू द्या.

दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, पदविकेवर सासरचं. नोंदणीचा अर्ज परत आला. काय करू?
— एक वाचक भगिनी, ता. वरुड, जि. अमरावती

राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) नावबदल प्रसिद्ध करून घ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार घेऊन ऑनलाइन अर्ज होतो. राजपत्राचं ते पान नोंदणीच्या अर्जाला जोडा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, अर्ज भरताना त्याचाही घोळ होतो. पदविकेच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका मूळ प्रतीवरून स्कॅन करा, झेरॉक्सवरून नको.

आणखी एक. नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर आणि ईमेल अर्जात टाकू देऊ नका. पाच वर्षांनी नूतनीकरणाला ओटीपी त्याच्याच फोनवर जाईल. नोंदणीची मुदत 5 वर्षांची असते. तेवढ्या काळात मान्यताप्राप्त उजळणी कार्यक्रमांचे 100 गुण जमवावे लागतात. या कार्यक्रमांना सीआरई म्हणतात. शेवटच्या वर्षी एकदम धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी 20 गुण धरून चला, आणि पैसे भरण्याआधी तो कार्यक्रम परिषदेच्या यादीत आहे ना, ते बघा.

सीआरआर नंबर आहे. तरी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी लागेल का?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

द्याच. पहिली ते पाचवीला पेपर 1, सहावी ते आठवीला पेपर 2. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, राखीवला 55. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सीआरआर आणि टीईटी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक दुसरीची जागा घेत नाही. भरतीसाठी आणखी कोणती चाचणी हवी ते जाहिरातीत असतं.

पदांची आशा धरायला जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. राज्याने 2024 मध्ये शाळांच्या केंद्रागणिक (गावागावांतल्या शाळांच्या गटामागे) एक, अशी 4860 पदं मंजूर केली. मात्र त्यात आधीच्या कंत्राटी शिक्षकांचं समायोजनही आहे, म्हणून सगळी पदं नव्यांसाठी मोकळी आहेत असं समजू नका.

माझी मुलगी कर्णबधिर आहे, निवासी शाळेत आहे. तिथले शिक्षक खरंच शिकलेले आहेत का, हे मला कसं कळेल?
— एक पालक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

दादा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मुख्याध्यापकांकडे वर्गशिक्षकांचा सीआरआर नंबर मागा. परिषदेच्या संकेतस्थळावर नंबर किंवा नाव टाकून शोधता येतं. तिथे तीन गोष्टी बघा: नाव जुळतं का, गट कर्णबधिरांचाच आहे का, मुदत चालू आहे का. शाळेने नंबर दिला नाही तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. आणि शाळेत जाल तेव्हा मुलीचं श्रवणयंत्र स्वतः बघा: सेल चालू आहे का, कानातला साचा स्वच्छ आहे का, वर्गाच्या वेळी ते तिच्या कानात असतं की कपाटात.