कृष्णविवरातली माहिती म्हणजे कोणाची माहिती?

पंचवटीतल्या एका शिक्षकमित्राचा प्रश्न असा : "नववीच्या वर्गात सांगत होतो की कृष्णविवरातून माहिती बाहेर येते की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. एका मुलीने विचारलं, 'सर, आत माहिती द्यायला कोण बसलंय?' वर्ग हसला, पण मला उत्तर सुचेना. 'माहिती' हा शब्दच चुकलाय का? आणि 'विवर' तरी बरोबर का? विवर म्हणजे तर लोणारचं."

मुलगी हुशार आहे. पण आधी विवराचं बघू.

संस्कृतात 'वि' आणि 'वृ' मिळून अर्थ होतो उघडणे. विवर म्हणजे उघडी जागा : फट, बीळ, गुहा. विवरण आणि विवृत हे त्याचेच सख्खे भाऊ. त्याच 'वृ'ला 'आ' लावला की मात्र आवरण होतं. आता गंमत बघा, प्रकाशालाही बाहेर पडू न देणारी आकाशातली ही वस्तू कामं सगळी आवरणाची करते आणि नाव मिरवते विवराचं! त्याचा दोष मराठीकडे नाही. 'ब्लॅक होल' हे नाव अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९६७मध्ये रूढ केलं, आपण ते इमानानं मराठीत आणलं. आपल्या २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली, तिचं नावच 'कृष्णविवर' होतं. पन्नास वर्षं मुरलेला शब्द आता बदलायला जाऊ नये.

फक्त मुलांच्या डोळ्यांपुढे खड्डा उभा राहू देऊ नका. लोणारला आघातानं जमिनीत खड्डा पडलाय, इथे तसलं काही नाही. सगळी पृथ्वी दाबून कृष्णविवर करायचं तर तिचा गोळा १८ मिलिमीटर व्यासाचा करावा लागेल. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मापतात, साधारण तेवढा. मणी म्हटलं की मुलांना कळेल.

आता माहिती. या शब्दाचं नातं अरबी 'माहियत'शी जोडतात. माहियत म्हणजे वस्तूचं मूळ स्वरूप, 'ती काय आहे' ते. आपण मात्र माहिती म्हणजे कुणीतरी कुणाला सांगितलेली गोष्ट असं धरून चालतो, म्हणून आत सांगणारा कोण, हा प्रश्न पडतो. भौतिकशास्त्राला हवाय तो जुना, माहियतचा अर्थ : कणन् कण कोणत्या अवस्थेत आहे याचा पुरता तपशील.

इथे नाशिकच्या रामकुंडावर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिसतात. कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, आणि काठावर क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांत त्या घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आपल्या लेखी माहिती चोपडीत असते. भौतिकशास्त्र चोपडीकडे बघतही नाही. अस्थी विरल्या तरी गंगेच्या पाण्याचा थेंबन् थेंब तपासता आला, तर तत्त्वतः मूळ वस्तू पुन्हा जुळवता यायला हवी, असं त्याचं म्हणणं. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

कृष्णविवर नेमकं इथेच अडवतं. लासलगावचा कांदा टाका नाहीतर पिंपळगावची द्राक्षं, बाहेरून कळणार फक्त वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकी. १९७४मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवर अगदी क्षीण उष्णता बाहेर टाकत हळूहळू आटतं. त्यांच्या गणितात त्या उष्णतेवर कांद्याची खूणही नव्हती, द्राक्षाचीही नव्हती. मग कृष्णविवर पुरतं आटल्यावर तपशील गेला कुठे? हॉकिंग म्हणाले, नष्ट झाला. अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताला हे चालत नाही, त्याच्या लेखी तपशील कधी पुसला जात नाही. १९९७मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांनी हॉकिंग यांच्याशी पैज मारली की माहिती टिकते. २००४मध्ये हॉकिंग यांनी हार मानून प्रेस्किलना बेसबॉलचा जाडजूड ज्ञानकोश दिला, कारण हरणाऱ्यानं 'हवी तेव्हा माहिती काढता येईल' असा कोश द्यायचा, हे ठरलेलं होतं. म्हणजे माहियत हरली की जिंकली याचा हिशेब चोपडीत चुकता झाला! हॉकिंग यांच्याच बाजूनं पैजेत उतरलेले भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न मात्र तेव्हा हार मानायला तयार नव्हते.

२०१९नंतरच्या गणितांचा कौल माहिती टिकते याच बाजूला आहे, पण ती नेमकी कोणत्या वाटेनं येते ते अजून उलगडलेलं नाही. म्हणून क्रियापदही जपून वापरा. 'निसटते' म्हटलं की कैदी भिंत ओलांडून पळाल्यासारखं वाटतं. इथे तपशील सगळ्या उत्सर्जनात विखरून, कणाकणानं येतो अशी कल्पना आहे. मी 'पाझरते' म्हणेन.

आणि 'माहिती' काढू नका. 'विदा' म्हणजे डेटा, 'नोंद' म्हटलं की पुन्हा कुणीतरी लिहिणारा आला. फक्त तिला षष्ठी जोडा. 'कृष्णविवरातून माहिती बाहेर येते का' असं न विचारता 'आत पडलेल्या वस्तूची माहिती बाहेर येते का' असं फळ्यावर लिहा. आत कोण बसलंय, हे मग त्या मुलीला विचारावं लागणार नाही.