मुंबईच्या ‘जॅझ यात्रे’च्या इतिहासात गोव्याचं नाव एवढं का घेतात?

जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, मुंबईत सुरू झाली, मुंबईतच गाजली, मग गोवेकर मध्येच कुठून आले, असं तुम्ही विचारलंय. आमचे भावजी दर चतुर्थीला आमच्याकडे गोव्यात जेवायला बसले की नेमकं हेच विचारतात, म्हणून लिहायला बसलो.

भावजी गिरगावातले. 1978 साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तिथे त्यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सला समोर बसून ऐकलं. त्या एका रात्रीच्या जोरावर आमच्यावर अजून रुबाब चालू आहे. निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ या संस्थेनं ती यात्रा उभी केली, मान्य. मांडव मुंबईचाच. पण वाजवणारे?

यात्रेत सॅक्सोफोन वाजवलेले ब्राझ गोन्साल्विस गोव्यातल्या तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. त्यांचे सासरे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्याच हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1951च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या हाताखाली हेच होते. भगवानदादांच्या नाचावर आपण शिट्ट्या मारल्या, पण मागे कोण फुंकतंय ते कोणी विचारलं नाही. ही माणसं तयार झाली गोव्यातल्या चर्चच्या शाळांत. तिथे पोरांना लहानपणीच सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, घोटून घ्यायचे, व्हायोलिन हातात द्यायचे. म्हणून मुंबईच्या हॉटेलांना आणि स्टुडिओंना कागदावर लिहिलेले सूर बघून वाजवणारा माणूस हवा असला की गोवेकर लागायचा.

यावर भावजींचं ठरलेलं वाक्य: ‘कागद बघून वाजवतात, म्हणजे नक्कलच ना!’

आमच्या शेजारी एक काका होते, हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून मुंबईहून परतलेले. एका चतुर्थीला आमच्याकडे आरत्या रंगात आल्या होत्या, घुमट-शमेळ ही आमची तालवाद्यं जोरात. काका दारातच उभे राहून ऐकत होते. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून मागितलं आणि मांडीवर ठेवून पाठीमागे पाच-पाच रेघा ओढून आरती उतरवून घेतली. घरून ट्रम्पेट आणला, त्याच्या तोंडाला आवाज दबवणारा म्यूट लावला. पहिल्यांदा जशीच्या तशी वाजवली. दुसऱ्यांदा कागद उलटा टाकला आणि घुमटाच्या ठेक्याला हुलकावण्या देत असे काही गेले की घुमट वाजवणारा आमचा चुलतभाऊ हसायला लागला, पण त्यानं ताल सोडला नाही. समेवर दोघे एकत्र आले. भावजींनी खतखतं, म्हणजे आमची मिसळीची भाजी, वाढायला सांगितलं. आता याला नक्कल म्हणायचं का?

आणि या वादकांकडे दुर्लक्ष झालं, त्यात दोष मुंबईचाच आहे असंही नाही. गोव्यातल्या आम्हा मराठीवाल्यांनी तरी काय केलं? नाट्यसंगीत तेवढं आपलं, बाकी सगळं पाकल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, म्हणून बाजूला ठेवलं. पणजीत जॅझ असला की प्रेक्षकांत आमच्यापैकी शोधावे लागतात.

हां, एक सांगायचं राहिलं. सगळेच गोवेकर नव्हते; पियानोवादक लुई बँक्स दार्जिलिंगचे. आणि मुंबईनं पगार दिला नसता तर यातले बरेचजण गावच्या लग्नांतच वाजवत राहिले असते. गोव्यात तेव्हा यावर पोट भरत नव्हतं.

गोव्यातल्या आजच्या महोत्सवांबद्दलही तुम्ही विचारलंय. तारखा दरवर्षी बदलतात, पणजीतल्या कोणाला तरी विचारून या. भावजी, तुम्हीही या, तिकीट मी काढतो. फक्त रॉलिन्सचं नाव काढायचं नाही.