क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची डिग्री: पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली आहे, पोलिसात जायचं लहानपणापासून डोक्यात आहे, थोरला भाऊ फ्रीमाँटला नोकरीला आहे. नाशिकचा एजंट म्हणतोय की कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिसची असोसिएट डिग्री करा, दोन वर्षांत पोलिसात नाहीतर सिक्युरिटीत लागाल, वर्षाला साठ हजार डॉलर कुठे गेले नाहीत. वडील द्राक्षबागेवर कर्ज काढायला तयार आहेत. काढू द्यावं का?

स्टुडंट व्हिसावर येणार असाल तर नको. मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर बरीच वर्षं काम करते, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहिते.

आधी फी. ही डिग्री साधारण ६० युनिटांची. युनिट म्हणजे इथलं क्रेडिट. बहुतेक कॉलेजांत या डिग्रीचं नाव ‘ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ असतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे अख्खी डिग्री २,७६० डॉलरला पडते. त्याच वर्गात शेजारी बसलेल्या एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या, विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी युनिटमागे तीनशेच्या वर मोजावे लागतात, म्हणजे १८,००० तिथेच गेले. भाऊ इथे राहतो म्हणून तुम्ही रहिवासी ठरत नाही, आणि एफ-१ वर कितीही दिवस काढलेत तरी ठरणार नाही. वर आरोग्य विमा, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च. भावाकडे राहून-जेवूनही, डॉलर नव्वद रुपयांना धरला तर २५ लाखांच्या खाली भागणार नाही असा माझा हिशोब आहे. काम करून फी भरीन म्हणाल, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॉलेजच्या आवारातच. आणि अशी कामं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

आता जमेची बाजू. कॅलिफोर्नियात २०२३ पासून पोलीस व्हायला नागरिकत्वाची अट नाही. एजंट बहुधा हाच कायदा पुढे करत असेल, आणि तो खराही आहे. पण त्यात अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर परवाना लागतो. तुम्हाला डिग्रीनंतर तो मिळेल ओपीटीचा (शिक्षणानंतर त्याच विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी), १२ महिन्यांचा. त्यात बेरोजगारीचे दिवस ९० च्या वर गेले की संपलं. पोलीस भरतीतली पार्श्वभूमीची चौकशी आणि अ‍ॅकॅडमी यांतच वर्ष सरतं. शिवाय मोजके अपवाद सोडले तर स्टुडंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. बिनबंदुकीचा, वर्षभराचा पोलीस कोणतं खातं घेईल?

गंमत म्हणजे इथे बहुतेक ठिकाणी पोलीस व्हायला डिग्री लागतच नाही. हायस्कूल, अ‍ॅकॅडमी आणि किमान वय २१, एवढ्यावर भरती होते. खात्याने आधी निवडलं असेल तर अ‍ॅकॅडमीत असतानाही पगार सुरू असतो. सिक्युरिटी गार्डचं तर विचारूच नका. गार्ड कार्डासाठी, म्हणजे गार्डच्या परवान्यासाठी, एकूण ४० तासांचं प्रशिक्षण पुरतं, त्यातले ८ तास झाले की अर्ज करता येतो. कामगार खात्याच्या २०२४ च्या आकड्यांत पोलिसांची मधली कमाई वर्षाला ७७ हजार डॉलरच्या आसपास आहे, गार्डची ३८ हजारांच्या. एजंटचे साठ हजार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतायत.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला किमान बॅचलर्स लागते, त्यामुळे असोसिएटवर तो रस्ता बंद. पुढे दोन वर्षं काढून बॅचलर्स केलीत तरी क्रिमिनल जस्टिस हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या विषयांची सरकारी यादी, तिला ओपीटी जास्त मिळते) बसत नाही, म्हणजे ओपीटी पुन्हा १२ महिन्यांचीच.

मग ही डिग्री घेतं कोण? संध्याकाळी सातच्या वर्गाआधी माझ्या खिडकीशी येणारे बघा: काउंटीच्या पोलीस दलात नोकरी करणारे डेप्युटी, ड्यूटीचे बूट पायात, एका हातात फॉइलमधला अर्धा बरिटो, आणि प्रश्न एकच, ‘माझी किती युनिटं राहिली?’ पोलिसांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या राज्याच्या ‘पोस्ट’ नावाच्या संस्थेचं इंटरमीजिएट सर्टिफिकेट असोसिएट डिग्री असलेल्याला चार वर्षांच्या नोकरीनंतर मिळतं, अ‍ॅडव्हान्स्ड नऊ वर्षांनी. पुष्कळ खाती त्यावर पगारात जादा रक्कम देतात. २,७६० डॉलर घालून निवृत्तीपर्यंत दरमहा वाढीव पगार, हा सौदा उत्तमच आहे. फक्त तो आधीच आत असलेल्यांचा आहे.

तुमचा ओढा पोलीस खात्याकडेच असेल तर तिकडे महाराष्ट्रात कुठल्याही शाखेची पदवी घेऊन एमपीएससीची पीएसआयची परीक्षा देता येते. इथली असोसिएट डिग्री तिथे पदवी म्हणून चालणार नाही, हेही वडिलांना सांगा. म्हणजे दोन वर्षांनी परत जावं लागलं तर हातात बारावीच. तपासाच्या शास्त्रात रस असेल आणि बारावी सायन्सची असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. त्यानंतर मास्टर्सला इकडे यायचं ठरवलंत तर फॉरेन्सिक सायन्स स्टेमच्या यादीत आहे, आणि ओपीटी तीन वर्षांपर्यंत जाते. तेव्हा कर्जाचा विचार करता येईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: भाऊ कोणत्या कागदांवर आहे? तो नागरिक असेल तर तुमच्यासाठी ग्रीनकार्डाचा अर्ज भरू शकतो. नुसतं ग्रीनकार्ड असेल तर भावंडांसाठी भरता येत नाही. भारतीयांची त्या रांगेतली प्रतीक्षा पंधरा वर्षांच्या वर आहे, तेव्हा त्या भरवशावर बसू नका. पण अर्ज आधीच कधीतरी भरलेला असेल तर त्याची तारीख कळवा. ग्रीनकार्डावर आलात, की इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिल्यावर तुमचीही फी ४६ डॉलरवर येऊ शकते, आणि मग वरचं माझं उत्तर पूर्ण उलटं होईल.