संगणकाला प्रिंटर दिसत नाही तेव्हा

प्रश्न : विश्रामबागेत माझं सेवा केंद्र आहे. कालपर्यंत चाललेला लेझर प्रिंटर आज संगणक ओळखतच नाही. ड्रायव्हर दोनदा टाकला. सातबारासाठी लोक खोळंबलेत.
(सांगली)

उत्तर : ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, तूर्त बाजूला ठेवा. प्रिंटर चालू असताना यूएसबी केबल काढून परत लावा आणि कान द्या. संगणकातून 'टुंग' असा आवाज आला का? स्पीकर चालू असूनही आला नाही, तर काही जोडलंय हेच संगणकाला कळलेलं नाही, आणि तिथे ड्रायव्हर कितीदाही टाकला तरी उपयोग शून्य. आधी केबल बदला, पाच मीटरपेक्षा लांब नको. चौकोनी तोंडाची बाजू प्रिंटरमध्ये सैल बसते का तेही पाहा. मधला हब (एका सॉकेटाचे अनेक करणारा डबा) काढा आणि केबल थेट सीपीयूच्या मागच्या बाजूला लावा.

आवाज येतोय, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय, तर मात्र ड्रायव्हरच. जुना काढून टाका आणि नवा फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणारे प्रोग्राम कृपया घेऊ नका. लोकांची कागदपत्रं असलेल्या संगणकावर तर मुळीच नको. इन्स्टॉल करताना केबल काढून ठेवा, सूचना आली की मगच जोडा.

आणखी एक शक्यता. साफसफाईत केबल दुसऱ्या सॉकेटात गेली का? मग विंडोज कधीकधी प्रिंटरला नवा पोर्ट (जोडणीचा मार्ग) देतं आणि जुनं नाव 'ऑफलाइन' होऊन बसतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडा, यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ वर खूण करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागतं.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. नव्या संगणकाला जुना डॉट मॅट्रिक्स कन्व्हर्टरने जोडला, पण पट्टी छापत नाही. दुकानदार म्हणतो, नवा प्रिंटर घ्या.
(सांगली)

उत्तर : घेऊ नका. कार्बनच्या प्रती एका दमात काढायला डॉट मॅट्रिक्सच लागतो, लेझरला ते जमत नाही. तुमचा प्रोग्राम अजून एलपीटी१ वर, म्हणजे जुन्या रुंद प्रिंटर पोर्टवर, छपाई पाठवत असणार, आणि कन्व्हर्टर मात्र यूएसबी००१ वर आहे. विंडोजवरचा प्रोग्राम असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पोर्ट बदला. विंडोजच्या आधीच्या डॉसचा असेल तर प्रिंटर शेअर करा आणि 'नेट यूज' आदेशाने एलपीटी१ त्याच्याकडे वळवून घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला हे माहीत असतं.

प्रश्न : राऊटर बदलल्यापासून वाय-फाय प्रिंटर लॅपटॉपला सापडत नाही.
(सातारा)

उत्तर : प्रिंटर अजून जुन्याच वाय-फायचं नाव शोधतोय. त्याच्यावरूनच नवं नाव आणि पासवर्ड द्या. बरेच घरगुती प्रिंटर वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, तेव्हा राऊटरवर ते चालू आहे ना बघा. प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. दोन्ही बंद करा, आधी राऊटर चालू करा, मग प्रिंटर.

प्रश्न : प्रिंटर दिसतो, पण छपाई रांगेत अडकते.
(कराड)

उत्तर : 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या 'स्पूल'च्या आत 'प्रिंटर्स' आहे ते रिकामं करा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. रांगेत अडकलेल्या फायली पुसल्या जातील, त्या नव्याने छापायला द्या.