जुनी मोठी व्ही-८ सेदान घेतली आहे, बजेट बेताचं आहे. पिकअप वाढवण्यासाठी आधी काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीसेक वर्षं जुनी, लांबलचक, मागच्या चाकांवर चालणारी सेदान हाती आली आहे. इंजिन व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर), गिअर ऑटोमॅटिक. गाडी धडधाकट आहे, पण सुस्त वाटते. कोल्ड एअर इनटेक (इंजिनला गार हवा मिळावी म्हणून बसवायचा वेगळा फिल्टर), मोकळा सायलेन्सर आणि चिप यांपैकी आधी काय घ्यावं?

तिन्ही नको. निदान आधी तरी नको.

हे शहाणपणाने नाही, पैसे घालवून सांगतोय. माझ्याकडेही अशीच एक ‘बोट’ (लांबलचक, डुलत चालणारी गाडी) होती. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एअर फिल्टरचा मूळ डबा काढून तो चकचकीत, कोनासारखा उघडा फिल्टर बसवला. मित्र शेजारी बसून फोनच्या जीपीएसवर शून्य ते शंभरची वेळ घेत होता. आधी तीन फेऱ्या, नंतर तीन फेऱ्या. आवाज दुप्पट झाला, वेळ जागच्या जागी. भर दुपारी तर चिमूटभर जास्तच लागला. कारण मागाहून डोक्यात शिरलं. मूळ डब्याची सोंड पुढच्या जाळीमागून बाहेरची गार हवा घेत होती, आणि माझा उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. हवा २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी उतरते. थोडक्यात, गार हवेची सोय होती ती मी पदरचे पैसे देऊन मोडली.

त्या गाडीशी झटापट करताना माझं एक मत पक्कं झालं. या मोठ्या सेदानना ताकद कमी नसते. एक तर असलेली ताकद वयामुळे हरवलेली असते. दुसरं म्हणजे, कंपनीने चांगलं सामान याच गाडीच्या दणकट भावंडांसाठी राखून ठेवलेलं असतं: पोलिसांची गाडी, टॅक्सी, ट्रेलर ओढायचं पॅकेज. हरवलेलं परत आणा आणि भावंडांचं उसनं घ्या. स्वस्तात होणारं काम एवढंच, आणि ते बरंच मोठं आहे.

हरवलेल्यापासून सुरुवात करू. व्हॅक्यूम गेज नावाचं, इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारं साधं घड्याळ मिळतं, अगदी स्वस्तात. त्याची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपांच्या) व्हॅक्यूम लाइनला जोडायची आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, काटा पाहायचा. तब्येतीत असलेल्या इंजिनचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो (उंचावरच्या ठिकाणी थोडा खाली). ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग दगा देतोय. मग आरपीएम २५०० वर धरून ठेवा. काटा आधी पडेल, सावरेल आणि स्थिर राहील. सावरल्यावर हळूहळू पुन्हा खाली सरकायला लागला, तर एक्झॉस्ट कुठेतरी तुंबलंय, बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा). माझा काटा अर्ध्या मिनिटात चार इंच घसरला होता. ज्या गाडीला नीट श्वास सोडता येत नव्हता, तिला मी श्वास घ्यायला नवीन फिल्टर देऊन बसलो होतो! कन्व्हर्टर नवीन टाकल्यावर जो फरक पडला, तो पुढे कुठल्याही ‘परफॉर्मन्स पार्ट’ने पडला नाही. कन्व्हर्टर पोकळ करून घ्यायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, वास डोक्यात जातो आणि चेक इंजिनचा दिवा कायमचा घरजावई होतो.

बाकी नेहमीचं: प्लग, जुन्या झालेल्या कॉइल, फ्यूएल फिल्टर, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा), एअरफ्लो सेन्सरला त्याच्याच क्लीनरचा फवारा. गाडीला ओबीडी-२ हे बिघाड वाचायचं सॉकेट असेल (अमेरिकी गाड्यांना १९९६ पासून आहेच) तर ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून लाँग टर्म फ्यूएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मात्रेत सतत किती टक्के फेरफार करतोय तो आकडा. तो १० टक्क्यांच्या वर किंवा उणे १० च्या खाली असेल, तर कुठेतरी हवा गळतेय, सेन्सर खोटं बोलतोय किंवा पेट्रोलचा दाब बिघडलाय. ते निस्तरेपर्यंत नवीन काही विकत घेऊ नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदला, पण मशिन लावून जोरात फ्लश करून घेऊ नका. खालचा पॅन उतरवायचा, फिल्टर बदलायचा, पॅनमधल्या चुंबकावर किती आणि कसला चुरा बसलाय ते पाहायचं. राखाडी लेप चालतो, चमकणारे धातूचे तुकडे चालत नाहीत. तेवढे दिसले तर पिकअप विसरा, आधी गिअरबॉक्स.

आता टायर. यावर मी जरा हटून बसणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात टायरचा उल्लेखच नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३ वा आठवडा. हा आकडा कधीकधी फक्त आतल्या बाजूला असतो, तेव्हा गाडीखाली डोकं घालून बघा. जुन्या सेदान कमी चालवलेल्या असतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर मी त्याच्या भरवशावर वेग वाढवणार नाही. दहा वर्षांपुढचा तर ठेवूच नये. चारही टायर बऱ्यापैकी चांगल्या प्रतीचे घ्या. वेग घेणं, वळणं, थांबणं या तिन्ही गोष्टी एका झटक्यात सुधारणारी दुसरी वस्तू नाही.

रिम मोठी करायची हौस असेल तर बाहेरचा व्यास राखा. २२५/६० आर १६ च्या जागी २४५/५० आर १७ घेतला तर व्यास जवळजवळ तोच राहतो, साधारण ६७७ मिलिमीटर, मात्र रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते अंतर) जुळतात का ते आधी बघायचं. वीस इंची रिम देखण्या असतात, हे मान्य. पण त्या जड असतात, आणि चाकाचं वजन वाढलं की गाडी उचलायला, थांबवायला आणि खड्ड्यातून काढायला, तिन्हीकडे महाग पडतं.

ब्रेक. तुमची गाडी अठराशे-एकोणीसशे किलोच्या घरात असणार. ताशी ८० वरून १०० वर गेलात की थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं हे ऐकलं असेल, आकडे बघा: डॉट ३ या प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ती हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना पेडल फरशीपर्यंत जातं ते यामुळे. माझ्या गाडीचं जुनं ऑइल ब्लीड करताना पारदर्शक नळीतून काळपट तपकिरी पाणी आलं, आणि मधोमध रबराचा एक बारीक कण तरंगत आला. तो ब्रेकच्या होजचा होता. चारही चाकांचं नवीन ऑइल, नवीन होज, चांगल्या कंपाउंडचे पॅड. मोठ्या डिस्कची गरज तेवढ्यावर बहुतेक वेळा संपते. डॉट ४ हे डॉट ३ च्या जागी चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

खालच्या अंगाचं रबर हा आणखी एक खड्डा. गाडी नीट आधारावर घेऊन (नुसत्या जॅकवर नव्हे, खाली स्टँड लावून) कंट्रोल आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, पहार घाला आणि हलके तिरकं करा. माझ्याकडे रबर हललं नाही, भुसा होऊन हातावर पडलं. बुश, बॉल जॉइंट, टाय-रॉड एंड आणि शॉकअप बदलून मग अलाइनमेंट करून घेतलं की ‘बोट’ हा शब्द तोंडातून येणं थांबतं. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

आता भावंडांचं उसनं. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाचं उदाहरण घेऊ, कारण तिची पोलीस आवृत्ती सगळ्यांना माहीत आहे. घरगुती गाडीला मागे २.७३ चा गिअर रेशो सर्रास असायचा, म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट २.७३ वेढे घेतो. पोलिसांच्या गाडीला ३.२७ किंवा ३.५५, शिवाय कडक स्प्रिंगा आणि शॉकअप, दुहेरी एक्झॉस्ट, तेल गार ठेवायचे जादा कूलर. सगळं मुळात याच गाडीसाठी कंपनीच्या इंजिनिअरांनी जुळवलेलं, त्यामुळे बहुतेक सामान कापाकापी न करता बसतं. शेव्हरोलेने १९९४ ते १९९६ मध्ये हीच युक्ती शोरूममध्ये विकली: तेव्हाच्या इम्पाला एसएसच्या खाली पोलिसांच्या कॅप्रीसचं सामान होतं. भंगारात गेलेली पोलीस किंवा टॅक्सी आवृत्ती शोधा, तुमच्याच पिढीची. पिढी महत्त्वाची. क्राउन व्हिक्टोरियाची चासी आणि पुढचं सस्पेन्शन २००३ च्या मॉडेलपासून बदललं, त्यामुळे पुढचं सामान अलीकडचं पलीकडे जात नाही. नाव एक म्हणून सामान एक, असं धरून चालू नका.

भंगारातून आणायची सगळ्यात स्वस्त आणि मजेची वस्तू म्हणजे जाड स्टेबिलायझर बार (वळणावर गाडीला कलू न देणारा दांडा). भरीव बारचा पिळाविरुद्धचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २५ मिलिमीटरऐवजी २८ चा बार दिसायला तीनच मिलिमीटर जाड, कडकपणा मात्र दीडपटीहून जास्त. चार-सहा नट-बोल्ट, नवीन बुश, काम दुपारभरात उरकतं. फक्त मागचा बार एकटाच फार जाड करू नका. मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट टाकते आणि आधी कळवत नाही.

आणि सुस्ती? तिचं खरं औषध मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरमध्ये आहे. २.७३ काढून ३.५५ बसवला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा टॉर्क ३० टक्क्यांनी वाढतो. इनटेक आणि सायलेन्सर मिळून पाच-दहा हॉर्सपॉवर देतील, तेही नशीब असेल तर. बदल्यात हायवेवर जिथे २००० आरपीएम होते तिथे २६०० होतील, ॲव्हरेज थोडं पडेल. पुष्कळ गाड्यांत स्पीडोमीटरही नव्याने जुळवावा लागतो, कारण वेग गिअरबॉक्सच्या शेवटी मोजला जातो. ३.२७ हा मला समजूतदार मधला रस्ता वाटतो. नुसती क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी दात्यांची जोडी) बदलणं घरी करण्यासारखं नाही, दात्यांमधला खेळ मिलिमीटरच्या शतांशांत बसवावा लागतो. त्यापेक्षा भावंडाचा अख्खा मागचा एक्सल आणून चढवणं स्वस्त पडतं, आणि त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारं) निघालं तर लॉटरीच.

चिपबद्दल दोन ओळी. सेन्सरच्या वायरला जोडायची ती छोटी डबी म्हणजे निव्वळ एक रेझिस्टर, हवा गार आहे असं कॉम्प्युटरला खोटं सांगणारा. खरं रिमॅपिंग, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमच बदलणं, वेगळं. टर्बो नसलेल्या इंजिनात त्याने ताकद फारशी वाढत नाही, पण गिअर कधी आणि किती ठामपणे पडावा हे बदलता येतं आणि ते जाणवतं. रेशो बदलल्यावर स्पीडोमीटरची दुरुस्ती त्यातच होते, म्हणून ते शेवटी करा, एकदाच.

तुमच्या गाडीला सध्या कोणता रेशो आहे हे पुष्कळदा दारावरच्या स्टिकरच्या कोडवरून कळतं. स्टिकर पुसला असेल तर मोजा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं एकच चाक स्टँडवर उचललेलं, दुसरं जमिनीवर. प्रोपेलर शाफ्टवर आणि उचललेल्या चाकावर खडूने खूण करा. लिमिटेड स्लिप नसेल तर चाक हाताने सहज फिरेल. ते बरोबर दोन वेढे फिरवा, कारण दुसरं चाक जागेवर असल्याने डिफरन्शियल तेवढ्यात एकच वेढा घेतं. एकजण चाक फिरवेल, दुसऱ्याने शाफ्टचे वेढे मोजायचे. पावणेतीनच्या आसपास भरले तर २.७३, सव्वातीन तर ३.२७, साडेतीनच्या किंचित पुढे तर ३.५५. हा शेवटचा आकडा निघाला तर सुस्तीचं कारण एक्सलमध्ये नाही, व्हॅक्यूम गेजकडे परत जा.