पहिलं वर्ष खोलीत बसू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झालीस, आनंद वाटला. खोलीला रंग कुठला द्यावा असं विचारलंयस. रंगातलं मला काही कळत नाही. माझी पहिली खोली पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी होती. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी. पहिलीच्या पोरांना ती वाचता येत नव्हती आणि चौथीच्यांना वाचूनही कळत नव्हती. दोन महिन्यांत वर्गावर्गांतून ऐकू यायला लागलं, “गप बस, न्हाईतर त्या बाईंकडं पाठवीन.” झालं! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली, आणि छडीच्या जागी मी जाऊन बसले. ते पुसायला वर्ष गेलं.

म्हणून सांगते, पहिलं वर्ष खोलीत फार बसू नकोस. परिपाठाला उभी राहा, मधल्या सुट्टीत नळापाशी थांब, खिचडीच्या पंगतीत मांडी घालून बस. शाळा सुटल्यावर चपला शोधायला मुद्दाम वेळ लावणारं पोर कोण, दर सोमवारी कुणाचं पोट दुखतं, हे तिथंच दिसतं. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. म्हणजे न आलेल्या पोराची चौकशी आपल्याकडं जुनीच. आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प का, ही चौकशी तुझ्या वाट्याची.

वर्गशिक्षकांशी वाकडं घेऊ नकोस. ते दिवसभर मुलासमोर असतात, तू अर्धा तास. त्यांची तक्रार नीट ऐक, निम्मी माहिती तिच्यातच असते.

2019 चा महापूर ओसरल्यावर दुसरीतल्या एका मुलाची तक्रार आली होती. ढग भरून आले की हा वर्गभर फिरून सगळ्यांच्या दप्तरांचे बंद सोडायचा, बुटांच्या नाड्यासुद्धा. “नुसत्या खोड्या,” त्याच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. मी त्याला बोलावून पुस्तकात शिकल्यासारखं विचारलं, “पावसाची भीती वाटते का?”

“न्हाई.”

“रात्री झोप लागते?”

“व्हय.”

संपलं. सात वर्षांच्या मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले की तो परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो. मग मी प्रश्न सोडले आणि शाडूचा गोळा पुढं ठेवला. पहिले दोन दिवस नुसतं थापणं चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं चार म्हशी केल्या, शिंगं वळवून, अगदी झोकात. दोरा मागितला. चारी म्हशी पेन्सिलीला बांधल्या, मग दोघींचं दावं सोडलं आणि उरलेल्या दोघींवर ओलं फडकं ओढलं.

मी एवढंच म्हणाले, “ह्या दोघी राहिल्या.”

“पप्पांचा हात पोचला न्हाई.”

वडलांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले, आत येईनात. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा दोनच जनावरं सोडता आली होती. पोराला सांगितलं होतं, उरलेली विकली म्हणून. मी त्यांना उपदेश केला नाही. पोराला सगळं माहीत आहे, आता तुमच्या तोंडून ऐकू दे, इतकंच सांगितलं. त्यांनी सांगितलं, घरी, गोठ्यात. मी तिथं नव्हते आणि असायचं कारणही नव्हतं. बाईंनी ढग आले की खिडक्या लावायचं काम त्याला दिलं. बंद सोडणं एकदम थांबलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एखादी नाडी सुटतच होती.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. शाळेत मात्र मूल 43 वर गेल्यावर आपल्याकडं पाठवतात. बाईंना 39 ला सांगायची सवय लाव. चहा पिता पिता, बिनकागदाची.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. “कुणाला सांगणार नाही, शप्पथ,” असं कुठल्याही मुलाला कधी म्हणू नकोस. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव, खोदून खोदून पुन्हा वदवून घेऊ नकोस. बालकांसाठीचा 1098 हा नंबर दारावर मोठ्या आकड्यांत लाव. ‘समुपदेशन’पेक्षा तो लवकर वाचता येतो.

वाचनात मागं पडलेली मुलंही तुझ्याकडं ढकलतील. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच मूळची अडचण असल्याचा, शिक्का मारायची घाई नको. आधी डोळे आणि कान तपासून घे; फळाच दिसत नसलेली किती तरी मुलं मी ‘मठ्ठ’ म्हणून आलेली पाहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी रजा टाकू नकोस. त्यातूनही शंका उरली तर पालकांना सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पाठव, आणि पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जा. त्या आवारात शिकली-सवरलेली माणसंसुद्धा वाट चुकतात.

रंगाचे पैसे वाचव आणि शाडू आण. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत बघ, पण गणपतीच्या आधी नको, त्यांना मान वर करायला सवड नसते. शनिवारी जाताना गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. नाहीतर सोमवारी त्याचा दगड झालेला असतो.

तुझी,
बाई